कधीपासून? : चाकणच्या एका कंपनी डॉक्टरचा दिवस

पहाटे पावणेसहा

मोशीच्या चौकात कंपन्यांच्या बस एकामागे एक उभ्या असतात, काचेआड पुठ्ठ्यावर रूटचं नाव. पावणेसहाची पकडली तर चिंबळी फाटा, कुरुळी मागे टाकून निघोजेला वेळेत पोचता येतं. पंधरा मिनिटं उशीर झाला की नाशिक हायवेवर ट्रेलर आणि कंटेनरच्या मध्ये अडकून बसायचं. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची डॉक्टर आहे. एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला, त्या प्रमाणपत्रावर ही नोकरी. सकाळ निघोजेत, काही दुपारी भोसरी एमआयडीसीतली छोटी युनिटं आणि संध्याकाळी मोशीत माझं स्वतःचं क्लिनिक.

बसमध्ये निम्मे लोक झोपलेले असतात, उरलेले गावाकडं फोन लावतात. तिकडं धारा काढून झालेल्या असतात, घरचे मोकळे सापडतात. मागच्या सीटवरचा पोरगा उदगीरला आईशी बोलतोय आणि वैतागून सांगतोय, "अगं मीच बोलतोय. सर्दी झालीय." मी मान वळवून बघते. नाक खरोखरच वाहतंय. ठीक आहे.

स्वरयंत्राच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेकदा आवाजात असते, आणि ती सगळ्यांत उशिरा कळते ती रोज शेजारी बसणाऱ्यांना. आवाज दिवसागणिक इतका थोडा बदलतो की घरच्यांचा कान त्याच्याबरोबर सरकत जातो. पंधरा-वीस दिवसांनी फोनवर बोलणाऱ्या आईला, बहिणीला तो एकदम परका वाटतो. म्हणून तपासणीत मी विचारते, "गावाकडं कुणी म्हणालं का, आवाज वेगळा येतोय?" पाठ्यपुस्तकात हा प्रश्न नाही. पण पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांची मुलं चाकणला भाड्याच्या खोलीत राहत नसावीत.

पावणेसात

गेटसमोरच्या टपरीवर चहा, पोहे आणि पुडी. आत तंबाखू, काडीपेटी, लायटर न्यायला बंदी आहे. सिक्युरिटीवाला खिसे चापपतो आणि टेबलाखालचा खोका सात वाजेपर्यंत पुड्यांनी आणि चुन्याच्या डब्यांनी भरतो. शिफ्ट सुटली की ज्याची त्यानं घेऊन जायची. कुणाची कुठली हे सिक्युरिटीवाल्याला पाठ असतं.

मराठवाड्यातले मळतात, विदर्भातली पोरं खर्रा शोधतात, बिहारचे खैनी म्हणतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मागायची पद्धत माहीत असली की मिळतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक चघळायचा, लावायचा किंवा न ओढता घ्यायचा कसलातरी तंबाखू वापरत होते आणि बिडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्केच होते. त्यामुळं "सिगारेट? कधीच नाही, मॅडम" हे उत्तर ऐकून मी पेन खाली ठेवत नाही. तंबाखू चघळल्यानं तोंड, घसा आणि अन्ननलिका धोक्यात येतात. बिडी-सिगारेट स्वरयंत्रावर सगळ्यांत जास्त उठते. जोडीला रोजची दारू असेल तर दोन्हींचा धोका नुसता एकमेकांत मिळवून भागत नाही, त्याहून बराच जास्त होतो. ज्यांना कसलंच व्यसन नाही असेही काही रुग्ण निघतात, म्हणून निर्व्यसनी माणसाची तक्रारही मी हसण्यावारी नेत नाही.

टपरीवर आर. आर. आबा पाटलांचं नाव अजून निघतं. 2015 च्या फेब्रुवारीत ते तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शरद पवारांची तोंडाच्या कॅन्सरवरची शस्त्रक्रिया 2004 ची, आणि तंबाखूच्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोललेले आहेत. पाकिटाच्या 85 टक्के भागावर 2016 पासून भीषण जखमांची चित्रं असतात. या सगळ्यामुळं तोंडाचा कॅन्सर लोकांच्या ओळखीचा झाला. गालाच्या आत पांढरा चट्टा आला की माणूस बाइकच्या आरशात बघून घेतो. तोटा एवढाच झाला की माणसं जखमेची वाट बघू लागली. घशातलं काही आरशात दिसत नाही, आणि सुरुवातीला तिथं दुखतही नाही.

सात

कारखान्यातल्या दवाखान्याला सगळे ओएचसी म्हणतात. रात्रपाळी सुटताना गर्दी होते. कुणाच्या डोळ्यात ग्राइंडिंगचा कण, कुणाच्या अंगठ्यात धातूची कच घुसलेली, कुणाला ॲसिडिटी. माझ्याबरोबर एक मेल नर्स असतो. त्याला सगळे ब्रदर म्हणतात, मीसुद्धा. पट्टी बांधता बांधता तो घशाच्या गोळ्या वाटतो, आणि या गोळ्यांवरच माझं लक्ष असतं.

आमच्या रजिस्टरमध्ये नाव, टोकन नंबर, तक्रार आणि औषध एवढेच रकाने होते. 'घसा खवखव, गोळ्या 6.' पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच नाव, पुन्हा 6. तिसऱ्या वेळी दुसऱ्या शिफ्टचा ब्रदर असतो, त्याला मागचं माहीत नसतं. मी पट्टीनं एक रेघ मारून पाचवा रकाना पाडला: 'कधीपासून'. कारखान्यात तारखेवाचून काही राहत नाही. तेलाच्या पिंपावर तारीख, अग्निशामकाच्या नळकांड्यावर तारीख, मालाच्या प्रत्येक लॉटवर तारीख. घसा तेवढा बिनतारखेचा.

माणसं तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. "बैलपोळ्याच्या आधी बसला." "सप्त्यात बसला." "मेहुणीच्या लग्नात डीजेसमोर नाचलो तेव्हापासून." ब्रदर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बोट फिरवून आकडा काढतो. त्यात तो इतका तयार झालाय की तिथी सांगितली तरी अडत नाही. आवाज बसून तीन आठवडे उलटले की गोळ्या बंद आणि माणूस माझ्यासमोर. घसा बसायची कारणं शंभर असतात. सर्दी, ओरडणं, धूळ, जागरण. ती बहुतेक सगळी पंधरा-वीस दिवसांत आपोआप मिटतात. मिटत नाही तिथं आत कॅमेरा घालून स्वरयंत्र बघितलंच पाहिजे, मग माणूस पंचविशीतला असो की पन्नाशीतला. तोवर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची तिसरी पट्टी देत राहणं मला पटत नाही. ते औषध नसतं, ढकलाढकल असते.

साडेआठ

आज वार्षिक तपासणीची बॅच आहे. ऑडिओमेट्रीच्या खोलीत एकेक जण हेडफोन लावून बसतो, दुसऱ्या टेबलावर नळीत फुंकायचं, तिसऱ्यावर डोळ्यांचा तक्ता. छापील फॉर्मवर कान आहेत, फुप्फुसं आहेत, डोळे आहेत. घसा नाही. माझ्याकडं येईपर्यंत माणूस रांगांना कंटाळलेला असतो आणि ब्लडप्रेशर मोजलं की उठायला लागतो.

"बसा. तोंड उघडा. तुमचीच तीन बोटं उभी घालून दाखवा."

तीन बोटं गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर गालाच्या आतली कातडी आखडायला लागलेली असते. सुपारी आणि मावा खाणाऱ्या पंचविशीतल्या पोरांतही हे दिसतं. कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचं हे ठिकाण आहे. मग टॉर्च लावून जिभेच्या कडा, जिभेखाली, गालाचा कोपरा, दोन्ही टॉन्सिल. एका बाजूचा टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा मोठा आणि खडबडीत दिसला की चिठ्ठी. त्यानंतर मी खुर्चीच्या मागं उभी राहून दोन्ही हातांनी मान चाचपते, कानाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत. सगळे जण इथं थोडे अवघडतात, बाई डॉक्टर असल्यानं जरा जास्तच. माझे हात चालू असतात तोवर ते छताकडं बघतात.

एकाच्या मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागते. तो म्हणतो, "ती कधीचीच आहे, मॅडम. दुखत नाही." दुखत नाही म्हणून तो निर्धास्त, आणि दुखत नाही म्हणूनच मी थांबले. तापाबरोबर आलेली, हात लावला की ठणकणारी गाठ बहुधा संसर्गाची असते आणि काही दिवसांत उतरते. मुक्यानं वाढणारी टणक गाठ टीबीची असू शकते, थायरॉइडची असू शकते, किंवा घशात कुठंतरी दडलेल्या आजारानं गळ्यात पाठवलेली पहिली बातमी असू शकते. जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्रामागच्या खोबणीत सुरू झालेला कॅन्सर आवाजाला धक्का न लावता कितीतरी दिवस राहतो आणि मानेतल्या गाठीनंच उघडा पडतो. नेमकं काय ते सुईनं तपासल्यावर कळेल. कधीपासून, हे त्याला सांगता येत नाही. शेवटी म्हणतो, "दाढी करताना लागली पहिल्यांदा. धाकटीचं बारसं होतं त्या दिवशी." बारसं झालेल्याला चार महिने झालेत.

टॉर्चबद्दल एक सांगायला हवं. 'आ' केल्यावर दिसतो तो घशाचा ओटा. स्वरयंत्र त्याच्या मागं आणि खाली असतं, सरळ नजर तिथं पोचत नाही. टॉर्चनं बघून "घसा साफ आहे" म्हणणारा डॉक्टर स्वरयंत्राबद्दल काहीच म्हणत नसतो. ते जिवंत माणसात पहिल्यांदा नीट पाहिलं 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया यांनी. ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवणारे होते. दाताच्या डॉक्टरांकडं असतो तसला छोटा आरसा त्यांनी स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्याचा उजेड आत पाडला आणि आपल्याच स्वरतंतूंची हालचाल बघितली. आता त्याच आरशाच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आलाय. पाच-दहा मिनिटांचं काम, बहुतेकदा भूल द्यावी लागत नाही. माझ्या ओएचसीत तेवढी सोय नाही. म्हणून माझं काम फक्त ओळखायचं आणि पाठवायचं.

साडेदहा

प्रेस शॉपमध्ये राउंड. इथं पाचशे टनांचा ठोका पडला की पायाखालची फरशी हलते. कायद्यानं आठ तासांच्या शिफ्टला 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि कानात बुचं घालणं सक्तीचं आहे. बुचं घातली की एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून माणसं ओरडतात. लाइनवरचा प्रत्येक सुपरवायझर घोगरा. त्यामुळं आवाज बसणं ही इथली वर्दी झालीय, निळ्या शर्टासारखी, आणि त्या वर्दीत एखादाच वेगळा घोगरेपणा लपून जातो.

तीन नंबर लाइनचे सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले. मला बघून हात जोडतात, काहीतरी बोलतात, ऐकू येत नाही. त्यांना शॉपच्या बाहेर, डाय ठेवायच्या रॅककडं बोलावलं. तिथंही शब्दांच्या आधी हवाच जास्त बाहेर येत होती.

"काका, आवाजाला काय झालं?"

"वारीत गेला, मॅडम. आळंदी ते सासवड आमची दिंडी असते ना. चार दिवस अभंग म्हटले, दिवे घाटात तर काय विचारता. तेव्हा बसला."

"वारी होऊन किती दिवस झाले?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. आषाढी, गुरुपौर्णिमा, श्रावण लागला, परवा राखी झाली. बोटं थांबली. "सात आठवडे होत आले की."

"मध्ये एखादा दिवस तरी पूर्वीसारखा झाला? सुट्टीच्या दिवशी, सकाळी उठल्यावर?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ओरडून बसलेला आवाज सकाळी बरा आणि शिफ्ट संपताना वाईट असतो, सुट्टीत सुधारतो. जो सुट्टीतही सुधारत नाही, आठवड्याला थोडा थोडा खालीच जातो, त्याची कथा वेगळी. काकांनी मान हलवली. नाही. बिडी? "सोडली. दोन वर्षं झाली." सोडली ते चांगलंच, पण पंचवीस वर्षांच्या ओढण्याचा धोका दोन वर्षांत पुसला जात नाही. गिळताना काही अडकतं? थुंकीत रक्त? जिना चढताना श्वासाबरोबर घुर्र आवाज? या तिन्हींना नाही म्हणाले, मला बरं वाटलं. श्वासाला आवाज यायला लागला असता तर चिठ्ठी लिहीत बसले नसते, ॲम्ब्युलन्सच बोलावली असती.

शेजारी मेंटेनन्सचा फिटर पाना पुसत ऐकत होता. त्याला राहवलं नाही. "मॅडम, प्रेसच्या बेअरिंगचा सूर जरा बदलला तरी हे काका मला पाच मिनिटांत बोलावतात, ब्रेकडाउन स्लिप फाडतात. मी म्हणतो अजून चालेल, तर म्हणतात मशीन बंद कर. आणि स्वतःच्या गळ्याला सात आठवडे?" काका हसले. हसण्याचाही आवाज आला नाही.

मी चिठ्ठी दिली: पिंपरीला, संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय, कान-नाक-घसा विभाग. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. "शुक्रवारी कस्टमरचं ऑडिट आहे, ते झालं की जातो." खिशात गेलेल्या चिठ्ठ्यांचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे, युनिफॉर्म धुवायला जातो.

साडेबारा

कँटीनमध्ये मी पहिल्या पंगतीला जेवते. दोन पोळ्या, उसळ, आमटी, भात, आणि गुरुवारी गोड. वाढणारे मामा बीडचे आहेत. कोण किती पोळ्या घेतो हे त्यांना तोंडपाठ, आणि माझ्या लेखी ते कारखान्यातलं एक तपासणी यंत्रच आहेत.

अन्ननलिकेचा किंवा घशाच्या खालच्या भागाचा कॅन्सर गिळण्यातून बोलतो, आणि माणूस त्याच्याशी नकळत तडजोड करत जातो. आधी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागतो. मग पोळी सोडून भातावर येतो. मग प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. विचारलं तर म्हणतो, "गिळायला त्रास? छे." खरंच नसतो, कारण त्रास देणारी प्रत्येक गोष्ट त्यानं ताटातून काढून टाकलेली असते. म्हणून मी "गिळता येतं का?" असं विचारतच नाही. विचारते, "मागच्या दिवाळीला जे खात होतात, त्यातलं आता काय सोडलंय?"

मामांनी मागं एकदा हळूच सांगितलं होतं की पेंट शॉपचा एक जण महिनाभर पोळी परत पाठवतोय. त्याला दाताचं दुखणं निघालं. मामा ओशाळले. मी त्यांना म्हटलं, "असंच सांगत जा."

दोन

भोसरी एमआयडीसीत ॲनोडायझिंगचं युनिट, तीस-पस्तीस माणसं. ॲल्युमिनियमचे भाग सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत लोंबकळत असतात, वीज सोडली की बुडबुडे येतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना ॲसिडचे सूक्ष्म कण हवेत उडवतो. दारातच घशाला चव कळते, आंबट आणि बोचरी. सल्फ्युरिक ॲसिड असलेल्या अशा धुक्यात काम करणं माणसात कॅन्सर घडवतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1992 मध्ये दिला, आणि त्यातला ठळक पुरावा स्वरयंत्राचाच होता. ॲस्बेस्टॉसमुळं होणाऱ्या स्वरयंत्राच्या कॅन्सरबद्दलही पुढं तसाच निष्कर्ष आला. आपल्याकडं घशाच्या कॅन्सरची चर्चा टपरीपाशी सुरू होते आणि टपरीपाशीच संपते. टाकीपर्यंत कुणी येत नाही. हे मालकांच्या सोयीचं आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांच्याही.

उपाय माहीत आहेत. टाकीच्या काठाला हवा ओढून घेणारी खाच, पृष्ठभागावर तरंगणारे प्लॅस्टिकचे गोळे किंवा फेस, काम नसताना झाकण. या मालकानं गोळे टाकलेत. खाचेतला पंखा चालू होता, पण समोर कागद धरला तर ओढला जात नव्हता. पट्टा सैल. मी तेवढं लिहून दिलं.

टाकीवरचा पोरगा गोपालगंजचा, बावीस वर्षांचा. समोरच्या दातांच्या कडा पातळ, जवळजवळ पारदर्शक झालेल्या. ॲसिडच्या धुक्यात काम करणाऱ्यांचे दात असे झिजतात, आणि रजिस्टर खोटं बोललं तरी ते बोलत नाहीत. "गला तो रोज़ बैठता है मॅडम. छुट्टी में गाँव जाता हूँ तो ठीक हो जाता है." सुट्टीत बरा होतो, म्हणजे आज काळजी नाही. आजचं नाव जळजळ. पण असा कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर हा सुरतेत असेल, लुधियान्यात असेल, गावी असेल. तिथल्या डॉक्टरनं विचारलं की काय काम करायचास, तर म्हणेल, कंपनीत होतो. ॲसिडच्या टाकीवर किती वर्षं होता, हे सांगणारा कागद त्याच्याबरोबर जात नाही. तो ठेकेदाराच्या फाइलमध्ये राहतो आणि ठेकेदार बदलला की फाइलही जाते. मी त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याच तपासणीच्या कागदाचा फोटो काढून दिला. याहून जास्त काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

चार

याच युनिटच्या ऑफिसात बसून मी कागदपत्रं पुरी करते. ठेक्यावरचा माणूस दवाखान्यात जात नाही तो अज्ञानामुळं नव्हे, हिशेबामुळं. वायसीएमला गेला तर एक हजेरी गेली, रिपोर्टला पुन्हा एक, आणि तिसऱ्या खेपेला ठेकेदार म्हणणार, उद्यापासून येऊ नको.

म्हणून चिठ्ठीबरोबर मी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, बोलते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो, 2019 च्या जुलैपासून हाच दर आहे. बहुतेकांना त्यातलं फक्त कापलेलं माहीत असतं. आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ते 80 टक्के होतं आणि दोन वर्षांपर्यंत चालतं. अट अशी की सलग दोन वर्षांचा विमा हवा आणि त्यात ठराविक दिवस हप्ता भरलेला हवा. इथंच माणसं फसतात. ठेकेदार बदलला की नवा कारकून नवा विमा क्रमांक काढतो आणि जुनी वर्षं हवेत जातात. जुनाच क्रमांक पुढं चालवा, एवढं वाक्य मी औषधाइतक्याच गंभीरपणे सांगते. ज्यांचा ईएसआय नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, कॅन्सरचे उपचार त्यात बसतात.

सहा ते साडेआठ

मोशीचं क्लिनिक. इथं कामगार नसतात, कामगारांच्या घरची माणसं असतात.

पंचेचाळिशीतली एक बाई उजवा कान दुखतो म्हणून आली. दीड महिन्यात तीन ठिकाणी दाखवलं, तिन्ही ठिकाणी कानातलं औषध मिळालं. मी कान बघितला. पडदा मोत्यासारखा स्वच्छ. डावाही तसाच. स्वच्छ कान, एकाच बाजूचं दुखणं, आणि ते जात नाही. घशाच्या आणि कानाच्या संवेदना पोचवणाऱ्या नसा सामाईक आहेत, त्यामुळं दुखणं घशात असलं तरी मेंदूला ते कानात वाटतं. "मिश्री लावता का, ताई?" सासूकडं बघून ती खाली मान घालते. सासू म्हणते, "आम्ही सगळ्याच लावतो." डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या तर आतून पांढऱ्या फटक. रक्त फार कमी असलेल्या बायकांत घशाच्या तळाशी, अन्ननलिकेच्या तोंडापाशी कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो. हे कळल्यापासून पंडुरोगी बाई "घास अडकतो" म्हणाली की मी तिला फक्त लोहाच्या गोळ्या देऊन पाठवत नाही. तिला चिठ्ठी दिली. सासू म्हणाली, "कानासाठी घशाचा डॉक्टर?" मी पाच मिनिटं कागदावर नसेचं चित्र काढत बसले. बाहेर गर्दी वाढली होती, पण ही पाच मिनिटं दिली नाहीत तर चौथ्या ठिकाणी पुन्हा थेंब मिळाले असते.

नंतर एक तरुण, चेहरा उतरलेला. मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघून रात्रभर झोपला नव्हता. घसा चार दिवस दुखतोय, ताप आहे, गिळताना दोन्ही बाजूंनी दुखतं. टॉन्सिल सुजलेले. औषध दिलं, घरी पाठवलं. तीन आठवड्यांचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो.

मधल्या वेळात कान-नाक-घशाच्या एका सर्जन मैत्रिणीला फोन केला. सकाळची गाठ, काकांचा आवाज, ताईंचा कान, सगळं सांगितलं. तिचं म्हणणं नेहमीचं आणि खरं: तू पाठवतेस त्यातले बहुतेक कॅन्सर निघत नाहीत. स्वरतंतूवर गाठी असतात, ॲसिड वर येत असतं, स्वरयंत्राचा टीबी असतो, कधी छातीतल्या किंवा थायरॉइडच्या आजारानं नस दबून एक तंतू लुळा पडलेला असतो. यातलं काहीही सात आठवडे अंगावर काढण्यासारखं नाही. आणि जो खरोखर कॅन्सर निघतो तो स्वरतंतूवरच असेल, लवकर सापडला असेल, तर लेझरनं किंवा सहा-सात आठवड्यांच्या रेडिएशननं दहातले नऊच्या आसपास बरे होतात, आवाजही राहतो. उशीर झाला तर स्वरयंत्र काढावं लागतं, गळ्याला कायमचं छिद्र, बोलणं नव्यानं शिकायचं. त्यासाठी बसवायची झडप पूर्वी हजारो रुपयांची यायची. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी ती पन्नास रुपयांच्या आसपास करून दाखवली. मैत्रीण म्हणाली, "उद्या सकाळी आहे मी ओपीडीला. तुझे काका येतील ना?" मी म्हटलं, ऑडिट आहे.

रात्री साडेनऊ

जेवण झाल्यावर वही उघडते. ज्यांना चिठ्ठी दिली त्यांची नावं त्यात असतात. गेले की नाव खोडायचं, नाही गेले की फोन.

काकांना लावायच्या आधी त्यांचीच व्हॉइस नोट आली. "मॅडम, सोमवारी नक्की जातो. ऑडिटचं तेवढं होऊ द्या." सात सेकंदांची नोट, तिच्यात दोनदा श्वास घेतला होता. मी आमच्या कारखान्याचा सेफ्टीचा ग्रुप उघडला आणि बोटानं मागं मागं जात 4 मार्चवर आले. राष्ट्रीय सुरक्षा दिनाला तीन नंबर लाइनची शपथ काकांनी दिली होती, कुणीतरी ती रेकॉर्ड करून टाकली होती. मागं प्रेस चालू होते, तरी प्रत्येक शब्द लखलखीत. ती मी त्यांना पाठवली आणि तिच्याखाली आजची त्यांचीच परत पाठवली. लिहिलं काहीच नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही.

मी शिफ्ट इनचार्जला फोन लावला. तो आधी ऑडिटचं बोलला, मग म्हणाला की काकांना उद्या सेकंड शिफ्ट देतो, सकाळ मोकळी मिळेल, हजेरी जाणार नाही. तीन नंबर लाइन दुपारपर्यंत तो स्वतः बघेल. काकांना कळवलं: केसपेपरची रांग लवकर लागते, साडेआठला पोचा. आधारकार्ड, ईएसआय कार्ड, माझी चिठ्ठी. चिठ्ठी युनिफॉर्मच्या खिशात आहे, धुवायला टाकली नसेल तर. मार्चमधली नोट डॉक्टरांनाही ऐकवा.

त्यांचं उत्तर आलं, या वेळी टाइप केलेलं: "पोचतो. ऑडिटची फाइल कपाटात वरच्या खणात आहे, किल्ली फिटरकडं दिलीय, साहेबांना सांगा."